माळढोकाचं अंडं कोण खातं? जमिनीवरच्या घरट्यांची राखण आणि शिकारी प्राण्यांचा बंदोबस्त

माळढोक झाडावर घरटं बांधत नाही. मादी उघड्या माळावर, जमिनीतल्या उथळ खळग्यात बहुतेक वेळा एकच अंडं घालते आणि जवळपास चार आठवडे एकटीच उबवते. नर मदतीला नसतो. या चार आठवड्यांत कुत्रं, खोकड, घोरपड, मुंगूस किंवा कावळा यांपैकी एकाची जरी नजर अंड्यावर पडली, तरी सगळी मेहनत वाया.

आज जगात माळढोक उरले आहेत सुमारे दीडशे. त्यातले बहुतेक राजस्थानात, जैसलमेरच्या पट्ट्यात. म्हणून ‘अंडी खाणाऱ्या जनावरांचा बंदोबस्त करा’ ही मागणी पुन्हा पुन्हा होते. ती चुकीची नाही, पण अर्धवट आहे. घरट्यांच्या जागी, विणीच्या काळात आणि मुख्यतः माणसाच्या आधारानं वाढलेल्या शिकाऱ्यांचा बंदोबस्त केला तर उपयोग होतो. माळरान आणि विजेच्या तारा हे प्रश्न तसेच ठेवून नुसती खोकडं हटवली तर फारसं काही हाती लागत नाही.

एक पक्षी, अनेक राज्यं

महाराष्ट्रात हा माळढोक, राजस्थानात गोडावण, कच्छमध्ये घोराड, ग्वाल्हेरकडे सोनचिडिया, तर तेलुगू मुलखात बट्टमेक पिट्टा. नावं वेगळी, पण कहाणी सगळीकडे सारखीच.

सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं. त्याचं क्षेत्र होतं ८,४९६ चौरस किलोमीटर. गावं, शेतं, तालुक्याची ठिकाणं, सगळं त्यात आलं. जमिनीचे व्यवहार अडले, लोक वैतागले. पुढे हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोवर पक्षी घटत गेले होते. आता तिथे एखादा माळढोक दिसला तरी बातमी होते.

कर्नाटकात हावेरी जिल्ह्यातल्या राणेबेन्नूरला एकेकाळी माळढोक होते. तिथे गवताळ माळावर निलगिरीची लागवड झाली आणि पक्षी गेले. बळ्ळारी जिल्ह्यातल्या सिरुगुप्पा भागात मोजके पक्षी दिसत आले आहेत. आंध्रच्या कर्नूल भागातलं रोल्लापाडू १९८८ साली अभयारण्य झालं. तिथेही सुरुवातीला संख्या वाढली आणि मग कोसळली.

ग्वाल्हेरकरांना करैरा आणि घाटीगाव ही नावं परिचयाची असतील. शिवपुरी जिल्ह्यातल्या करैऱ्याला १९८० च्या दशकात संरक्षण मिळालं. त्यासोबत काळवीट वाढले, काळविटांनी पिकं खाल्ली आणि शेतकऱ्यांचा राग अभयारण्यावर निघाला. १९९० च्या दशकात तिथून सोनचिडिया नाहीशी झाली. ‘माळढोक वाचवायचा तर गाव सोबत हवं’ हा धडा करैऱ्यानं दिला.

अंडी-पिल्लं नेमकं कोण खातं?

माळावर शिकारी प्राणी नेहमीच होते. त्यांचे दोन गट केले तर प्रश्न सोपा होतो.

पहिला गट माळाचे मूळ रहिवासी: खोकड, कोल्हा, लांडगा, घोरपड, मुंगूस, साप, गरुड. यांच्यासोबतच माळढोक हजारो वर्षं जगला. शत्रू जवळ आला तर मादी फुत्कारते, पाय लोंबते ठेवून खालून उडते आणि त्याचं लक्ष स्वतःकडे खेचते. पक्षी शेकड्यांनी होते तेव्हा काही अंडी गेली तरी भागत होतं.

दुसरा गट माणसानं पोसलेला. यात मोकाट कुत्री सगळ्यात पुढे. मेलेली जनावरं, कोंबड्यांच्या शेडचा कचरा, धाब्यामागचं खरकटं यावर कुत्र्यांच्या झुंडी वाढतात. रानातल्या शिकाऱ्याचं तसं नसतं. भक्ष्य कमी झालं की खोकडंही कमी होतात. कुत्र्याचं पोट गावातून भरतं, त्यामुळे माळावर पक्षी दहा उरोत की दोन, कुत्र्यांची संख्या घटत नाही. भारतात मोकाट कुत्री ८० वन्यप्राणी-पक्ष्यांच्या जातींवर हल्ले करतात आणि त्यातल्या ३१ जाती जागतिक पातळीवर धोक्यात आहेत, अशी नोंद २०१८ च्या एका अभ्यासात झाली.

कावळ्यांचंही तेच. माळावर खांब उभे राहिले, झाडं लावली गेली की कावळ्याला टेहळणीची जागा मिळते. नान्नजच्या माळावर लावलेली गिरिपुष्पासारखी झाडं नंतर काढावी लागली, ती याच अनुभवातून. गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे. तिथे झाड लावणं प्रत्येक वेळी पुण्याचं काम असतंच असं नाही.

जमा-खर्चाचा हिशेब

मुद्दा समजण्यापुरते आकडे घेऊ. समजा एका माळावर १० माद्या आहेत. वर्षाला प्रत्येकी एक, अशी १० अंडी. त्यातली ६ शिकाऱ्यांनी नेली. चार पिल्लं निघाली, त्यातली दोन मोठी होण्याआधी गेली. वर्षाची जमा २.

आता राखण केली आणि ६ ऐवजी ३ अंडी गेली. पिल्लं ७ निघाली आणि त्यातली निम्मी जगली, तर जमा ३ ते ४. म्हणजे जवळपास दुप्पट.

पण त्याच माळावरून गेलेल्या विजेच्या तारांना धडकून वर्षाला चार मोठे पक्षी मेले, तर ही सगळी जमा एका फटक्यात खर्ची पडते. माळढोकाला समोरचं कमी दिसतं आणि जड शरीरामुळे ऐनवेळी वळता येत नाही. थरच्या पट्ट्यात वर्षाला सुमारे १८ माळढोक तारांना धडकून मरत असावेत, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२१ मध्ये तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो आदेश बदलून तज्ज्ञ समिती नेमली. शिकाऱ्यांचा बंदोबस्त जमेची बाजू वाढवतो. खर्चाची बाजू आटोक्यात आणायला तारांचंच काहीतरी करावं लागतं.

राजस्थानात काय केलं?

जैसलमेरच्या डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये सुदासरीसारख्या ठिकाणी विणीच्या जागांना जाळीचं कुंपण घातलं गेलं. आतली कुत्री आणि अंडी खाणारे इतर प्राणी बाहेर काढले गेले. आजूबाजूच्या गावांत कुत्र्यांचं निर्बीजीकरण हाती घेण्यात आलं. कुंपणामुळे चराई थांबून गवतही वाढतं, हा दुहेरी फायदा. मर्यादाही आहेत. कावळा वरून येतो, घोरपड फटीतून शिरते आणि माळढोक स्वतः कुंपणाबाहेर उडून जातो.

दुसरा उपाय अंडीच उचलून आणण्याचा. २०१९ पासून जैसलमेर भागातल्या केंद्रात रानातली अंडी आणून यंत्रात उबवली जातात आणि पिल्लं वाढवली जातात. सम आणि रामदेवरा इथल्या केंद्रांत मिळून आता साठहून जास्त पक्षी आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. उद्या हे पक्षी बाहेर सोडायचे तर त्यांच्यासाठी सुरक्षित माळ हवा. म्हणजे कुत्री आणि तारांचा प्रश्न पुन्हा समोर येणारच.

बाहेरच्या देशांचा अनुभव

न्यूझीलंडमध्ये माणसानं आणलेले उंदीर आणि मुंगसासारखे दिसणारे स्टोट हे प्राणी जमिनीवरच्या पक्ष्यांचा फडशा पाडतात. बंदोबस्त नसेल तिथे किवीच्या १०० पिल्लांतली जेमतेम ५ मोठी होतात. बंदोबस्त असेल तिथे निम्म्याहून जास्त जगतात. त्या देशानं २०५० पर्यंत हे परके शिकारी संपवण्याची मोहीम २०१६ साली जाहीर केली.

इंग्लंडच्या उत्तर भागात ऑटरबर्न इथे २००० ते २००८ या काळात प्रयोग झाला. जिथे कोल्हे आणि कावळे कमी केले, तिथे टिटवीच्या कुळातल्या पक्ष्यांसह जमिनीवर घरटी करणाऱ्या जातींच्या विणीचं यश सरासरी तिपटीनं वाढलं.

उलटा अनुभवही आहे. न्यूझीलंडच्या लिटल बॅरियर बेटावर १९८० साली मांजरं संपवली. मांजरांचा धाक गेला, उंदरांचं फावलं आणि बिळात अंडी घालणाऱ्या कुक्स पेट्रेल या समुद्रपक्ष्याचं नुकसान वाढलं. २००४ मध्ये उंदीरही संपवले तेव्हा तो सावरला. आपल्याकडे लांडगा-कोल्हा हटवला तर छोटे शिकारी किंवा कुत्रीच वाढू शकतात. एक प्राणी काढण्याआधी त्याच्या धाकात कोण आहे, हे बघावं लागतं.

कायदा काय म्हणतो?

लांडगा, कोल्हा, खोकड, घोरपड, मुंगूस हे सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीशिवाय त्यांना मारणं तर सोडाच, पकडणंही गुन्हा. कुत्र्यांसाठी २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आहेत. त्यानुसार निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्रं सामान्यतः त्याच जागी परत सोडलं जातं. माळाजवळच्या गावांत अडचण इथेच येते. नसबंदी झालेलं कुत्रं पिल्लं देत नाही, पण अंडं खाऊ शकतंच. त्यामुळे निर्बीजीकरणाचा परिणाम दिसायला वर्षं लागतात.

विष घालणं हा मार्ग बेकायदेशीर तर आहेच, शिवाय विषारी मांस घारी, गरुड, गिधाडं आणि धनगरांची राखणीची कुत्रीही खातात.

तणमोर: माळव्यात आणि विदर्भात

माळढोकाचा लहान भाऊबंद तणमोर पावसाळ्यात गवतात तीन-चार अंडी घालतो. हाही अतिसंकटग्रस्त. २०१७-१८ च्या पाहणीत देशभरात नरांची संख्या सुमारे ३४० एवढीच असावी, असा अंदाज निघाला. इंदूरकरांच्या जवळचं सैलाना आणि धार जिल्ह्यातलं सरदारपूर, ही दोन्ही अभयारण्यं १९८३ साली त्याच्यासाठीच झाली.

तणमोर आता बराचसा शेतातच विणतो, म्हणून राखणही शेतकऱ्याच्याच हाती आहे. सैलान्याला पक्ष्याची खबर देणाऱ्या शेतकऱ्यांना बक्षीस देण्याची पद्धत वन खात्यानं सुरू केली. अकोला-वाशिम भागात फासेपारधी समाजातली माणसं तणमोराची घरटी राखतात. ज्यांना पक्षी कुठे बसतो हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक, तेच आता त्याचे राखणदार.

गावात काय करता येईल?

- मेलेलं जनावर माळावर टाकू नये, खोल पुरावं. कोंबड्यांच्या शेडचा आणि धाब्याचा कचरा उघड्यावर राहणार नाही याकडे ग्रामपंचायतीनं लक्ष द्यावं. कुत्री कमी करायची तर सुरुवात त्यांच्या अन्नापासून.
- माळाला लागून असलेल्या गावांत कुत्र्यांचं निर्बीजीकरण आणि लसीकरण आधी व्हावं. शहरातून पकडलेली कुत्री माळावर आणून सोडू नयेत.
- विणीच्या दिवसांत, विशेषतः पावसाळ्यात, मेंढरांसोबतची कुत्री घरट्याच्या भागात मोकळी सोडू नयेत.
- गवतात अंडी दिसली तर हात लावू नये, फोटोसाठी थांबू नये. मादी उठली की कावळ्याला अंडी दिसतात. लांबून जागा लक्षात ठेवून वन खात्याला कळवावं, समाजमाध्यमांवर ठिकाण टाकू नये.
- पेरणी किंवा कापणीत तणमोराचं घरटं सापडलं तर तेवढा तुकडा काही दिवस सोडावा. त्याची भरपाई शेतकऱ्याला मिळायला हवी. नुकसान त्याचं आणि कौतुक दुसऱ्याचं असं झालं, तर करैऱ्याचीच गत होते.

नान्नज, राणेबेन्नूर, करैरा इथल्या माळांवर आज खोकड आहे, कोल्हा आहे, कुत्री तर आहेतच. नाही तो माळढोक. राखण करायची ती तो असताना, आणि आता ती संधी मोजक्याच माळांवर उरली आहे.