शेततळ्यातील मत्स्यपालन : हवामान व भक्षक

पावसाचे पाणी साठवून पिकाला देण्यासाठी खोदलेल्या तळ्यात मासे वाढवण्याचा जोडव्यवसाय. महाराष्ट्रात २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली. ३० मीटर लांब, तितकेच रुंद आणि ३ मीटर खोल हे अशा तळ्याचे एक रूढ माप. त्यात कटला, रोहू व मृगळ एकत्र वाढवता येतात. मासे तगतात की नाही, हे बरेचसे तळ्याच्या आखणीवर ठरते.

हवामान : उन्हाळ्यात बाष्पीभवन होते आणि त्याच वेळी डाळिंब-द्राक्षांनाही पाणी लागते. म्हणून निदान दीड मीटर पाणी माशांसाठी राखून ठेवावे. उथळ पाणी लवकर तापते. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांवर साडेसातच. कार्प माशांना ५ मिलिग्रॅम तरी हवा. पावसाळी ढगाळ दिवसांत शेवाळाचे प्रकाशसंश्लेषण मंदावते, रात्री मात्र सारेच जीव प्राणवायू वापरत राहतात. त्यामुळे पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेऊ लागतात. अशा वेळी खाद्य व शेणखत थांबवून ताजे पाणी सोडावे किंवा एरेटर चालवावा.

भक्षक : ढोकरी व बगळे उथळ कडेला उभे राहून मासे टिपतात. काठाचा उतार तीव्र ठेवला की त्यांना पाय रोवायला जागा उरत नाही. पाणकावळा बुडी मारून शिकार करतो, त्याला खोलीचा अडसर नाही; त्याच्यासाठी तळ्यावर ठळक दिसणारे दोरे ताणून बांधावेत. सैल जाळ्यात पक्षी अडकून मरतात, आणि या पक्ष्यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे.

खरा धोका पाण्याच्या वाटेने येतो. मरळ, पाणदिवड आणि बेडूक पुराच्या लोंढ्याबरोबर शिरतात. म्हणून पाणी आत येण्याच्या तोंडाला आणि सांडव्याला बारीक जाळी हवी. नाहीतर तळे भरून वाहताना पाळलेले मासेही निघून जातात.

मरळ हवेतूनही श्वास घेते आणि चिखलात तग धरते. त्यामुळे जुन्या मातीच्या तळ्यात बीज सोडण्यापूर्वी मोहाची पेंड टाकतात. प्रमाण, एक हेक्टर क्षेत्र व एक मीटर खोलीला २,५०० किलो. पेंडीतील सॅपोनिन माशांच्या तांबड्या रक्तपेशी फोडते. विषाचा अंमल दोन-तीन आठवड्यांत ओसरतो व पेंडीचे खत होते. त्यानंतर ८ ते १० सेंटीमीटरची बोटुकली सोडावी. त्याहून लहान बीज पाणकिड्यांच्याही तोंडी सापडते.