जुन्या ॲपमध्ये फ्लटर कसं बसवतात? 'ॲड-टू-ॲप' सोप्या भाषेत

एखादं ॲप झटकन उघडतं, पण त्यातलं एखादं नवं पेज पहिल्यांदा उघडताना क्षणभर कोरं दिसतं. दोष नेहमी नेटचाच असतो असं नाही. कधी कधी ते पेज वेगळ्या साधनाने बनवलेलं असतं.

ॲड-टू-ॲप म्हणजे काय?

अँड्रॉइडसाठी कोटलिन आणि आयफोनसाठी स्विफ्ट, म्हणजे एकच पेज दोनदा लिहायचं. गूगलच्या फ्लटरमध्ये ते डार्ट भाषेत एकदाच लिहिता येतं. पण चालू ॲप मोडून सगळं नव्याने लिहिणं परवडत नाही. म्हणून काही पेजच फ्लटरमध्ये बनवून जुन्या ॲपमध्ये बसवतात. डिसेंबर २०१९ मधल्या फ्लटर १.१२ पासून याला अधिकृत सपोर्ट आहे.

आत काय घडतं?

1. फ्लटरचा भाग 'मॉड्यूल' म्हणून तयार होतो. अँड्रॉइडमध्ये त्याची एएआर फाइल बनते, आयफोनसाठी फ्रेमवर्क.
2. ॲप बिल्ड होताना ग्रेडल किंवा एक्सकोड ते जोडून घेतं.
3. ॲपसोबत फ्लटरचं इंजिनही येतं, त्यामुळे साइज काही एमबीने वाढते.
4. लॉगिनसारखी माहिती दोन्ही बाजू 'मेथड चॅनेल'मधून एकमेकांना देतात.

मग उशीर का?

पेज दिसण्याआधी इंजिन सुरू व्हावं लागतं, डार्ट कोड लोड व्हावा लागतो. यावर उपाय म्हणजे इंजिन आधीच सुरू करून ठेवणं. पण तुम्ही ते पेज उघडलंच नाही, तरी रॅम अडकून राहते. माझ्या मते कमी रॅमच्या फोनसाठी मधला मार्ग बरा: युजर त्या पेजच्या एक पाऊल अलीकडे आला की इंजिन सुरू करायचं.

प्रत्येकाला जमतंच असं नाही

एअरबीएनबीने २०१६ मध्ये रिॲक्ट नेटिव्ह असंच जुन्या ॲपमध्ये आणलं, आणि २०१८ मध्ये ते सोडत असल्याचं जाहीर केलं. दोन्ही जगं जोडणारा कोडही कुणाला तरी सांभाळावाच लागतो.

स्वतः तपासा

अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'शो लेआउट बाउंड्स' चालू करा. नेटिव्ह पेजवर प्रत्येक बटणाभोवती चौकट दिसेल. फ्लटर सगळं स्वतःच रंगवतं, म्हणून तिथे पूर्ण पेजभोवती एकच मोठी चौकट दिसते. वेबपेज दाखवणारी स्क्रीनही अशीच दिसते, तेव्हा हा फक्त अंदाज समजा. पाहून झालं की ऑप्शन बंद करायला विसरू नका.