जत्रेतले भविष्य

वाचकहो, पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा किंवा खरसुंडीचा खिलार जनावरांचा बाजार आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. पाळणे, मिठाईची दुकाने, आणि कडेला पिंजरा घेऊन बसलेला पोपटवाला जोशी! पैसे पडले की पोपट बाहेर येतो, चोचीने एक पाकीट ओढतो, दाणा खातो आणि आत जातो. नंदीबैलाचेही तेच. ‘पाऊस पडेल का?’ म्हटले की तो मान डोलावतो. त्याला कळते ती मालकाची खूण. पावसाचे त्याला काय ठाऊक?

ही हौस आपलीच आहे असे मात्र समजू नका हं. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १९०३ साली लूना पार्क ही करमणुकीची बाग उघडली. अशा बागांतून पुढे पेटीतली बाहुली नाणे घेऊन भविष्याची चिठ्ठी देऊ लागली. आपल्या रेल्वे स्टेशनांवरचे वजनाचे यंत्र तिचेच भावंड. तिकिटाच्या एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य!

इथवर गंमत आहे. पण त्या शब्दावर सोयरीक मोडली, कर्ज काढले, की गंमत संपते. पुसेगावाजवळचे कटगुण हे जोतीराव फुल्यांचे मूळ गाव. त्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. त्यात एका गरोदर कुणबी बाईला ग्रहांचे भय घालून जोशी तिचे घर लुबाडतो.

साताऱ्याचेच डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि शास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी २००८ साली ज्योतिषाची परीक्षाच घेतली. हुशार आणि मतिमंद मुलांच्या मिळून २०० पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला ४० दिल्या आणि मूल कोणते ते ओळखा म्हटले. २७ जणांनी उत्तरे पाठवली. शंभरात सरासरी ४६ बरोबर आली. नाणे उडवले तरी ५० च्या आसपास यावीत! २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. त्यांनी मांडलेला हिशेब मात्र कुणाला पुसता आला नाही.

गुरुजी, वर्गात मुलांकडून ४० वेळा नाणे उडवून घ्या. आधी अंदाज लिहायचा, मग मोजायचे. आणि शेतकरी बंधूंनो, पोपटाला दाणा खुशाल घाला. लेकीची सोयरीक मात्र त्याच्या चोचीवर सोपवू नका.