मॅगेलनी मेघातील वृद्ध तारे आणि अंतराचा प्रश्न

ताऱ्याच्या वार्धक्याचे एक प्रमुख लक्षण म्हणजे वस्तुमानाचा ऱ्हास होय. फुगून तांबड्या झालेल्या ताऱ्याच्या स्पंदनामुळे वायू वर उचलला जातो. तो निवताच त्यात धूलिकण बनतात. प्रकाशाचा दाब त्या कणांना बाहेर लोटतो व त्यांबरोबर वायूही ओढला जातो. अशा रीतीने एखादा तारा वर्षाकाठी सूर्याच्या वस्तुमानाचा एक लक्षांश भागही गमावतो. हीच धूळ ताऱ्याचा दृश्य प्रकाश शोषून तो अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकते. म्हणून हे तारे साध्या दुर्बिणीतून अंधुक, परंतु अवरक्त उपकरणांना तेजस्वी दिसतात.

१९६९ साली नॉइगेबाउअर व लेटन यांनी प्रसिद्ध केलेल्या अवरक्त सूचीत सुमारे ५,६०० उद्गम नोंदले गेले व आकाशगंगेतील धूलिवेष्टित ताऱ्यांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. तथापि त्यांची अंतरे अनिश्चित होती. अंतर ठाऊक नसता खरी तेजस्विता कळत नाही आणि तेजस्वितेवाचून ऱ्हासाचा वेग ठरविता येत नाही.

या अडचणीतील वाट हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ सालीच दाखविली होती. लहान मॅगेलनी मेघातील २५ रूपविकारी तारे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत, असे मानल्यामुळे त्यांच्या दिसणाऱ्या तेजाची तुलना हीच खऱ्या तेजाची तुलना ठरली. हाच न्याय पुढे मोठ्या मेघातील वृद्ध ताऱ्यांना लागू करण्यात आला. १९८३ साली आयरास या उपग्रहाने त्यांतील ठळक तारे टिपले. २००५ साली मार्गारेट मिक्सनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पिट्झर या अवकाशस्थ दूरदर्शकाच्या साह्याने ७ अंश लांब व तितक्याच रुंद आकाशभागाचे सर्वेक्षण केले. २०१९ साली या मेघाचे सुमारे १,६२,००० प्रकाशवर्षांचे अंतर एक टक्क्याच्या अचूकतेने निश्चित झाले. परिणामी आकाशगंगेतील कित्येक निकटच्या ताऱ्यांपेक्षा या दूरस्थ ताऱ्यांची तेजस्विता अधिक भरवशाने सांगता येते.

मात्र अंतराचा प्रश्न सुटला म्हणजे सर्व प्रश्न सुटले, असे नव्हे. अवरक्त मापनातून धूळ मोजली जाते; वायूचे प्रमाण त्यावरून अनुमानाने काढावे लागते. शिवाय मोठ्या मेघात जड मूलद्रव्ये सूर्याच्या मानाने सुमारे निम्मीच आहेत. त्यामुळे तेथील निष्कर्ष आकाशगंगेस लावताना अभ्यासकाने हा भेद दृष्टीआड होऊ देता कामा नये.