तारकाजन्मक्षेत्र

तारकाजन्मक्षेत्र : रेण्वीय मेघातील वायू व धूळ स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आकसून जेथे तारे गटागटाने जन्मतात, तो प्रदेश. मृग नक्षत्रातील अभ्रिका (अंतर सु. १,३५० प्रकाशवर्षे) हे सर्वपरिचित उदाहरण. बालतारे धुळीआड असल्याने त्यांचा अभ्यास मुख्यत्वे अवरक्त व रेडिओ तरंगांत होतो.

वयोगट : बालताऱ्यांचे शून्य ते तीन असे चार वर्ग करतात; एक ते तीन हे अवरक्त वर्णपटाच्या उतारावरून, तर शून्य हा उपमिलीमीटर प्रारणावरून ठरतो. शून्य व एक वर्गांतील तारा आवरणात गुरफटलेला असून पदार्थ ओढून घेत असतो. दोनमध्ये आवरण जाऊन ताऱ्याभोवती वायू व धुळीची तबकडी उरते. तीनमध्ये तीही जवळपास सरते. पहिल्या दोन वर्गांचा काळ मिळून सु. ५ लाख वर्षे धरतात. निम्म्या ताऱ्यांच्या तबकड्या २०–३० लाख वर्षांत नाहीशा होतात; त्यामुळे तबकडीयुक्त ताऱ्यांच्या प्रमाणावरून गुच्छाचे वय अंदाजता येते.

मांडणी : बालतारे मेघभर सारखे पसरलेले नसतात. दाट तंतूंवर, विशेषतः तंतू एकत्र मिळतात तेथे, त्यांची गर्दी होते. जड तारे बहुधा मध्याशी आढळतात. ते तेथेच जन्मले की मागाहून सरकले, याबाबत एकमत नाही. एल्मग्रीन व लाडा यांनी १९७७ मध्ये क्रमिक जन्माची कल्पना मांडली : जड ताऱ्यांच्या प्रारणाने आयनीभूत झालेला वायू प्रसरण पावतो, शेजारचा मेघ दाबला जातो आणि तेथे पुढची पिढी जन्मते.

एस-२५५ व एस-२५७ : शार्पलेस यांच्या १९५९ च्या सूचीतील शेजारशेजारच्या दोन अभ्रिका. त्यांच्या मधोमध दाट वायूची पट्टी असून तीत एस-२५५-आयआर हा झाकलेला गुच्छ आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे (मुंबई) देवेंद्र ओझा व सहकारी यांनी २०११ मध्ये या गुच्छाभोवतीच्या सु. ४.९ × ४.९ कला क्षेत्रात १०९ संभाव्य बालतारे नोंदले. पैकी ६९ नवे होते. प्रतिमानांनुसार पट्टीतील १६ ताऱ्यांचे सरासरी वय सु. १२ लाख, तर बाहेरील ३१ ताऱ्यांचे सु. २५ लाख वर्षे आले. दोन अभ्रिकांच्या दाबामुळे पट्टीत तारे जन्मले असावेत, असा त्यांचा निष्कर्ष. मात्र दाट वायूत कोवळे तारे दाबाशिवायही सापडू शकतात. शिवाय या क्षेत्राच्या अंतराचा पूर्वीचा अंदाज सु. ८,००० प्रकाशवर्षे होता. तेथील मेसरच्या (सूक्ष्मतरंगांच्या नैसर्गिक तीव्र स्रोताच्या) पराशयावरून ते ५,०००–६,००० ठरते. अंतर घटले की दीप्ती घटते व वयेही बदलतात. दोन्ही गट एकाच अंतरावर धरले असल्याने त्यांच्या तुलनेला मात्र कमी बाधा येते.

याच गुच्छातील सु. २० सौर वस्तुमानाचा एक बालतारा २०१५ मध्ये भडकला. मिथेनॉल मेसर व अवरक्त प्रकाश दोन्ही वाढले. जड तारेही तबकडीतून, टप्प्याटप्प्याने पदार्थ गिळतात, याला त्यामुळे बळकटी मिळाली.

महाराष्ट्रातील संस्थांची साधने : टाटा संस्थेची १०० सेंमी. दूर-अवरक्त दुर्बीण (हैदराबादहून बलूनद्वारे उड्डाण), त्याच संस्थेचा टिरकॅम-२ हा निकट-अवरक्त कॅमेरा (प्रथम गिरवली येथील आयुकाच्या (पुण्यातील खगोलशास्त्रीय संस्थेच्या) २ मी. दुर्बिणीवर, नंतर उत्तराखंडातील देवस्थळ येथे), आयनीभूत वायूच्या नकाशांसाठी खोडद येथील जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण (४५ मी. व्यासाच्या ३० अँटेना).

निरीक्षण : क्रांती सु. +१८° असल्याने डिसेंबरअखेर मध्यरात्री एस-२५५ छत्रपती संभाजीनगर (अक्षांश सु. १९.९° उ.) येथून जवळजवळ डोक्यावर येते. झाकलेला गुच्छ दृश्य प्रकाशात दिसत नाही.

भवितव्य : वायू विरल्यावर बहुतेक गुच्छ विखुरतात, बांधलेले राहणारे शंभरात दहाहून कमी, असा अंदाज आहे.