निर्णयसागर मुद्राक्षरे

निर्णयसागर मुद्राक्षरे : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत जावजी दादाजी (१८३९–९२) यांच्या ओतशाळेत तयार झालेली देवनागरी मुद्राक्षरे. जाड व बारीक रेषांतील स्पष्ट भेद, डौलदार वळणे आणि लहान आकारातही टिकणारी सुवाच्यता ही त्यांची प्रमुख वैशिष्ट्ये होत.

रेषाभेदावर आधारलेली डौलदार अक्षरे यूरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस पूर्णत्वास गेली. पॅरिसचे दीदो घराणे व पार्मा येथील बोदोनी (१७४०–१८१३) यांनी रोमन अक्षरांच्या उभ्या रेषा भरदार ठेवून आडव्या रेषा व टोके केसासारखी बारीक केली. देवनागरीतील रेषाभेदाचे मूळ मात्र तिरप्या कापलेल्या बोरूत आहे. बोरूच्या कलामुळे उजवीकडून डावीकडे खाली उतरणारी रेषा जाड, तर डावीकडून उजवीकडे उतरणारी बारीक होते. शिरोरेषा व काना यांच्या जाडीत फारसा फरक पडत नाही. त्यामुळे बोदोनीचे तत्त्व देवनागरीस जसेच्या तसे लागू पडत नाही.

हे वळण धातूत आणणे कठीण होते. पोलादी पंचावर अक्षर उलटे कोरावयाचे, त्याच्या ठशाने तांब्याची मातृका करावयाची व तीत शिसे, अँटिमनी आणि कथिल यांचा रस ओतून खिळा पाडावयाचा, अशी ही कृती असे. रेषा फार बारीक ठेवल्यास ती दाबाखाली झिजे वा तुटे. जाड केल्यास अक्षरातील पोकळी शाईने भरे. खिळ्याबाहेर डोकावणाऱ्या मात्रा व उकार यांना मोडण्याचे भय अधिक. सौंदर्य आणि टिकाऊपणा यांचा मेळ घालणे हीच पंच कोरणाऱ्याची खरी कसोटी होती.

जावजींचे घराणे मूळचे ठाणे जिल्ह्यातील. घरच्या गरिबीमुळे ते बालपणीच मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात खिळे घासण्याच्या कामास लागले. तेथे टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी मुद्राक्षरांत मोठी सुधारणा केली होती. पुढे इतर छापखान्यांत अनुभव घेऊन जावजींनी १८६४ मध्ये स्वतःची ओतशाळा व १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्यांचे स्नेही राणोजी रावजी आरू हे कुशल पंच-कोरणारे होते. मुद्राक्षरांच्या सौष्ठवाचे श्रेय मुख्यतः त्यांच्या हाताला जाते.

संस्कृत ग्रंथांच्या छपाईत या मुद्राक्षरांचा कस लागला. मूळ श्लोक मोठ्या व टीका लहान अक्षरांत एकाच पृष्ठावर बसवावी लागे. जोडाक्षरांचाही मोठा संच आवश्यक असे. १८८६ पासून निघालेल्या ‘काव्यमाला’ या ग्रंथमालेतून ही अक्षरे देशोदेशींच्या संस्कृत अभ्यासकांपर्यंत पोहोचली. पोथीच्या वळणाची सवय असलेल्या वाचकाला छापील पृष्ठ परके वाटू नये, हे त्यांनी साधले.

विसाव्या शतकात यांत्रिक जुळणी व नंतर संगणक आल्यावर खिळ्यांचा वापर मागे पडला आणि बारीक रेषा तुटण्याचे भयही ओसरले. २०१४ मध्ये प्रसृत झालेल्या ‘रोझा वन’ या संगणकीय अक्षरमालेत देवनागरी व रोमन या दोहोंमध्ये पराकोटीचा रेषाभेद आढळतो. अशी अक्षरे शीर्षके व जाहिराती यांना शोभतात. सलग वाचनाच्या मजकुरात मात्र मर्यादित रेषाभेदच सोयीचा ठरतो. निर्णयसागरच्या कारागिरांनी ही मर्यादा धातूच्या अनुभवातून ओळखली होती.