रजेवरचा जवान, गावी आलेला अधिकारी : कर्तव्याबाहेरचा लष्करी शिष्टाचार

चवथीच्या दिवसांत पेडणे, डिचोली, साखळीच्या बसस्थानकांवर खांद्याला मोठी बॅग अडकवलेले, केस बारीक कापलेले तरुण हमखास दिसतात. अंगावर साधे कपडे असले तरी उभे राहण्याची ढब ओळख पटवून देते. आता तर मोपाच्या विमानतळामुळे जम्मू किंवा गुवाहाटीकडून येणारा जवान थेट पेडणे तालुक्यातच उतरू शकतो. याच दिवसांत त्याच गावचा एखादा मेजर किंवा लेफ्टनंट कमांडरही घरी आलेला असतो. देवळाच्या सभामंडपात किंवा तिंट्यावर दोघांची गाठ पडली तर कोणी कोणाला आधी नमस्कार करायचा? सॅल्यूट करायचा का? वयाने लहान असलेल्या अधिकाऱ्याने हवालदारकाकांना काय म्हणायचे? हे प्रश्न घरोघरी गमतीने विचारले जातात. त्यांची उत्तरे काही अंशी कायद्यात आहेत, काही अंशी परंपरेत, आणि उरलेली दोघांच्या समंजसपणावर सोपवलेली आहेत.

प्रथम रचना पाहू. भूदलात शिपाई, लान्स नायक, नायक आणि हवालदार हे जवानांचे हुद्दे. त्यांच्यावर नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर ही कनिष्ठ राजादिष्ट अधिकाऱ्यांची, म्हणजे बोलीभाषेत ‘जेसीओं’ची फळी. त्यापुढे लेफ्टनंटपासून जनरलपर्यंतचे अधिकारी. १९६५ पर्यंत नायब सुभेदाराला ‘जमादार’ म्हणत. ही नावे मराठी कानाला परकी नाहीत. सभासद बखरीत शिवकालीन घोडदळाची जी रचना सांगितली आहे, तीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे. ‘नाईक’ हे तर गोव्यात घराघरातले आडनाव. त्यामुळे लान्स नायक नाईक नावाचा जवान पलटणीत निघाला की पहिले काही दिवस त्याची थट्टा ठरलेलीच.

मधली जेसीओंची फळी हे भारतीय सैन्याचे खास वैशिष्ट्य आहे. शिपाई म्हणून भरती झालेला माणूस वीस-पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर सुभेदार होतो. त्याने जेवढे हिवाळे सीमेवर काढलेले असतात, तेवढे नव्या लेफ्टनंटचे वयही नसते. लेफ्टनंट हुद्द्याने वरचा, म्हणून सुभेदार त्याला सॅल्यूट करतो. मात्र लेफ्टनंट त्याला नावाने हाक मारीत नाही. ‘सुभेदार साहेब’ असेच म्हणतो. ‘साहेब’ हा शब्द येथे दोन्ही दिशांनी जातो. हा अलिखित नियम कर्तव्यावर जितका पाळला जातो, तितकाच बाजारात, लग्नात आणि रेल्वेच्या डब्यातही पाळला जातो. जो तरुण अधिकारी तो मोडतो, त्याच्याविषयी पलटणीत काय बोलले जाते ते त्याच्या कानावर सहसा येत नाही, पण परिणाम जाणवतो.

सॅल्यूटविषयी सामान्य नागरिकांत बरेच गैरसमज आहेत. सॅल्यूट व्यक्तीला नसून राष्ट्रपतींनी दिलेल्या अधिकारपत्राला असतो, ही त्यामागची मूळ धारणा. म्हणूनच वरिष्ठाने त्याला प्रतिसाद देणे हेही कर्तव्य मानले जाते. न पाहिल्यासारखे करून पुढे जाणारा अधिकारी असभ्य ठरतो. तिन्ही दलांची पद्धत निराळी आहे. भूदलात तळवा पूर्ण उघडा आणि समोर, नौदलात तळवा खाली झुकलेला, तर हवाई दलात २००६ पासून तो जमिनीशी साधारण पंचेचाळीस अंशांत. दाबोळीच्या ‘आयएनएस हंसा’चा नौसैनिक आणि पणजीच्या सिग्नल प्रशिक्षण केंद्रातील जवान यांचे सॅल्यूट गोवेकरांना संचलनात शेजारी शेजारी पाहायला मिळतात, तेव्हा हा फरक लक्षात येतो.

सॅल्यूट गणवेशाशी आणि डोक्यावरील टोपी, बॅरे किंवा पगडीशी जोडलेला आहे. भूदलातील जवान उघड्या डोक्याने किंवा साध्या कपड्यांत हात कपाळाला लावीत नाही. ओळखीचा अधिकारी समोर आला तर तो क्षणभर ताठ उभा राहतो आणि अभिवादन करतो. हे अभिवादन ‘जय हिंद’ असते किंवा पलटणीच्या परंपरेनुसार ‘राम राम साहेब’, शीख पलटणींत ‘सत श्री अकाल’, गढवाल रायफल्समध्ये ‘जय बद्री विशाल’. अधिकारी त्याच शब्दांत उत्तर देतो. एवढेच पुरेसे असते. शर्ट-पँटमध्ये, हातात भाजीची पिशवी असताना कडक सॅल्यूट ठोकणे हे चित्रपटांत शोभते.

स्वातंत्र्यदिनी गावच्या शाळेत ध्वजारोहणाला निवृत्त जवान साध्या कपड्यांत येतात आणि पुष्कळदा सवयीने हात वर जातो. ध्वजसंहितेनुसार गणवेशातील व्यक्तींनी सॅल्यूट करावा आणि इतरांनी ध्वजाकडे तोंड करून सावधान उभे राहावे. अर्थात, तीस वर्षांची सवय एका संहितेने जात नाही आणि शाळेचे मुख्याध्यापकही ते मनावर घेत नाहीत.

कायदा मात्र सवयींवर चालत नाही. ‘कर्तव्यावर नाही, म्हणजे मोकळा’ ही समजूत लष्करी कायदा १९५० ला मान्य नाही. जवान रजेवर असला, घरी असला, तरी तो या कायद्याच्या कक्षेतच असतो. कलम ४० नुसार वरिष्ठावर हात उगारणे, त्याला धमकी देणे किंवा त्याच्याशी उद्धट भाषा वापरणे हा गुन्हा आहे. वरिष्ठ त्या वेळी आपले कर्तव्य बजावीत असेल, किंवा गुन्हा युद्धसेवेवर असताना घडला असेल, तर चौदा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. अन्य प्रसंगी दहा वर्षांपर्यंत. केवळ उद्धट भाषेचा मामला असेल तर या अन्य प्रसंगी मर्यादा पाच वर्षांची. म्हणजे ‘कर्तव्याबाहेर’ असल्याने शिक्षा कमी होते, अपराध पुसला जात नाही.

मद्याच्या बाबतीत कलम ४८ ची भाषा अधिक स्पष्ट आहे : कर्तव्यावर असो वा नसो, नशेत सापडणे हा अपराधच. अधिकाऱ्याला त्यासाठी बडतर्फीही होऊ शकते. जवान कर्तव्यावर आणि युद्धसेवेवर नसेल तर त्याची शिक्षा सहा महिन्यांच्या कारावासापेक्षा जास्त होऊ शकत नाही. एकाच गुन्ह्यासाठी अधिकाऱ्याला अधिक कडक माप लावणारे हे कलम आहे. हरमल, मोरजीच्या किनाऱ्यावर मित्रांसोबत बसलेल्या सुट्टीवरच्या तरुणाला याची आठवण कोणी करून देत नाही. त्याने ती स्वतः ठेवायची असते.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची, पण तिची चर्चा कमी होते. कलम ४७ हे हाताखालच्या माणसाला मारहाण करणाऱ्या किंवा अन्य प्रकारे वाईट वागविणाऱ्या वरिष्ठासाठी आहे. त्यात सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. अधिकारी व जेसीओ यांना ‘पदाला न शोभणाऱ्या वर्तना’साठी कलम ४५ लागू होते. आणि वरिष्ठाकडून अन्याय झाल्याची भावना असलेल्या जवानाला कलम २६ नुसार तक्रार करण्याचा अधिकार आहे. ही तक्रार तो ज्या अधिकाऱ्याच्या हाताखाली आहे त्याच्याकडे करायची. तक्रार त्या अधिकाऱ्याविरुद्धच असेल तर त्याच्या वरिष्ठाकडे. याशिवाय पलटणीतील सैनिक संमेलन, ज्याला जुने लोक अजून ‘दरबार’ म्हणतात, तेथे जवान उभा राहून आपले म्हणणे थेट कमांडिंग ऑफिसरसमोर मांडू शकतो.

आदर आणि चाकरी यांच्यातील सीमारेषा सर्वांत जास्त पुसट झाली ती सहायक पद्धतीत. ब्रिटिश काळातील ‘ऑर्डर्ली’चा हा वारसा. अधिकाऱ्याचा गणवेश, शस्त्र, नकाशे, संदेशवहन सांभाळणारा, युद्धभूमीवर त्याच्या सोबत राहणारा जवान, अशी त्याची मूळ व्याख्या. शांततेच्या काळात ती घसरून कुत्रा फिरविणे, मुलांना शाळेत सोडणे, बाजारहाट करणे इथपर्यंत आल्याच्या तक्रारी वारंवार झाल्या. २००८ साली संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने ही पद्धत बंद करण्याची शिफारस केली. २०१७ च्या जानेवारीत एका लान्स नायकाची याच विषयावरील चित्रफीत समाजमाध्यमांवर पसरली आणि तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बिपीन रावत यांनी तक्रारपेट्यांची व्यवस्था जाहीर केली. घरगुती कामे सहायकाकडून करून घेऊ नयेत, अशी लष्कराची अधिकृत भूमिका आहे. पदाचा मान मागण्याचा अधिकार अधिकाऱ्याला आहे; भाजी आणवून घेण्याचा नाही. अधिकाऱ्याच्या पत्नीला तर कोणताही लष्करी हुद्दा नसतो, हे काही बंगल्यांत विसरले जाते.

गोव्याला या प्रश्नाचा इतिहासही ठाऊक आहे. पोर्तुगीज लष्करातील येथील मराठा शिपायांनी १८९५ साली मोझांबिकला पाठविण्याच्या हुकमावरून बंड केले आणि सत्तरीचे राणे त्यांना येऊन मिळाले. हुकूम देणारा आणि पाळणारा यांच्यात विश्वास उरला नाही की गणवेश कसा उतरतो, याचे ते घरचे उदाहरण. पुढे १८ डिसेंबर १९६१ रोजी दोडामार्गच्या बाजूने ५० पॅराशूट ब्रिगेड गोव्यात शिरली, तेव्हा तिच्यात दुसरी पॅरा (मराठा) ही पलटण होती. मूळची ती मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन.

बेळगाव येथे केंद्र असलेली ही मराठा लाइट इन्फन्ट्री आपल्या परिसराला सर्वांत जवळची. पेडणे आणि डिचोलीतील कित्येक घरांचे नातेगोते सावंतवाडी, दोडामार्ग, चंदगडकडे असल्याने पलटणीच्या चालीरीती येथे ऐकून माहीत असतात. अधिकारी आणि जवान पदाच्या भिंती न पाडता कसे जवळ येतात, हे त्यांत दिसते. ‘बडा खाना’ला सारे एकत्र जेवतात आणि अधिकारी जवानांना वाढतात. मंदिर परेडला अधिकारी बूट काढून जवानांच्या बरोबरीने जमिनीवर बसतो; पलटणीच्या गणपतीची आरती कमांडिंग ऑफिसर करतो. हा अधिकारी केरळचा किंवा पंजाबचा असला तरी आरती पाठ करतो. खेळाच्या मैदानावर शिपाई कॅप्टनला आडवा पाडू शकतो. मात्र खेळ संपला की ‘साहेब, लागलं नाही ना?’ असे विचारतो. इतर वेळी भोजनाची ठिकाणे वेगळी राहतात : अधिकाऱ्यांची मेस, जेसीओंची मेस आणि जवानांचा लंगर. आपण गेल्याने खालच्यांच्या गप्पा थांबतात, हे ओळखून अधिकारी निमंत्रणाशिवाय जेसीओंच्या मेसमध्ये जात नाही.

आता गावच्या सभामंडपाकडे परत येऊ. गावात मानाची स्वतःची उतरंड आहे : गावकर, महाजन, मानकरी, वयाने थोर. समजा, डिचोलीतील एका वाड्यावरचा हवालदार नात्याने काका आहे आणि कॅप्टन झालेला तरुण त्याचा पुतण्या. घरात पुतण्या काकांच्या पाया पडतो आणि प्रसाद आधी काकांना मिळतो. सैन्याचा कोणताही नियम यात आड येत नाही. दोघे एकाच छावणीत असते तर चित्र उलटे झाले असते आणि दोघांनाही ते सहज जमले असते. नाते नसलेल्या, निव्वळ ओळखीच्या दोघांत कनिष्ठाने आधी ‘राम राम’ घालायचा, वरिष्ठाने थांबून घरची विचारपूस करायची, एवढा संकेत पुरतो. अडचण होते ती तिसऱ्यामुळे. ‘अरे, हा तुझा साहेब, सॅल्यूट मार की!’ असे चारचौघांत सांगणारा हौशी नातेवाईक दोघांनाही अवघडवून टाकतो. नागरिकांनी एवढे टाळले तरी खूप.

निवृत्तीनंतरही हुद्दा नावासोबत राहतो. चांगली सेवा बजावलेल्या हवालदारांना निवृत्तीवेळी मानद नायब सुभेदार, तर निवडक जेसीओंना प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिनाच्या निमित्ताने मानद लेफ्टनंट किंवा मानद कॅप्टन हा सन्मान दिला जातो. शिपाई म्हणून घर सोडलेला माणूस ‘कॅप्टन साहेब’ होऊन परततो, तो असा. अग्निपथ योजनेत २०२२ पासून भरती झालेल्यांपैकी पंचवीस टक्क्यांपर्यंतच जण पुढे कायम होतील. उरलेले चार वर्षांनी, पेन्शनविना, ऐन तारुण्यात परततील. त्यांना हाक मारायला असा भारदस्त हुद्दा नसेल. लग्नपत्रिका आणि सत्काराचे फलक छापणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : ‘मानद’ हा शब्द जागा वाचविण्यासाठी गाळू नये. तो हुद्द्याचा भाग आहे.